नाक बघितल्याशिवाय नथ नाही

फोन ठेव तो बाजूला आणि सरक अशी जवळ. अजून थोडी. हे कागदावरचं असलं तरी मी तुझ्यासमोर बसून बोलतेय असंच समज, आणि मधे मधे "हो आत्या, हो आत्या" करू नकोस. तुझं "हो आत्या" मला चांगलं ओळखता येतं. त्याचा अर्थ तू त्या वेळी दुसरंच काहीतरी करतेयस. लग्न ठरल्यापासून एकदा तरी आलीस का डोंबिवलीला? विचारलं की शीळफाटा. शीळफाट्याला गाड्या अडतात हे मला माहीत आहे गं, मी काय आज राहायला आले इथे? सगळ्या जगाच्या गाड्या अडतात आणि तरी सगळं जग कुठे ना कुठे पोचतंच. तूच तेवढी अडकतेस.

आणि परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, तुझ्या त्या बाईंना सांग ना माझ्यासाठी एक मोत्यांची नथ करायला. मी नाकाचा फोटो पाठवते."

फोटो पाठवते.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी फक्त तुझ्यावर चिडलेय असं समजू नकोस. तुझ्यावरही चिडलेय, पण तू त्या रांगेत बरीच मागे उभी आहेस. तुझ्यापुढे कोण कोण आहे ते सांगते, म्हणजे फोटो पाठवून का चालणार नाही ते तुला कळेल.

बाईंचं नाव लिहीत नाही. लिहिलेलं कळलं तर कटर घेऊन येतील. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, जरी त्यांच्याकडे नथ करायला शिकणाऱ्यांतल्या दोघींचे गुडघे बाईंच्या आधी गेलेले होते. त्या आम्हाला "मुलींनो" म्हणायच्या.

आमच्याच सोसायटीत तळमजल्याला राहायच्या. त्यांच्या यजमानांचं मानपाड्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. कारखान्यातल्या जळलेल्या मोटरी, लोकांचे पंखे, पाण्याचे पंप, सगळं यायचं. आतली जळकी कॉइल काढायची आणि नवी तार भरायची. यजमान मोटर उघडायचे आणि बाई घरी बसून तार गुंडाळायच्या. मग यजमानांच्या पायाला कसलीशी छोटी जखम झाली. साखर होती त्यांना. जखम भरलीच नाही, पाय गेला, आणि पायामागून तेही गेले. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

दुकान उठलं. घरात राहिलं काय, तर टेबलाला बसवलेलं हँडलचं वाइंडिंग मशीन, तारेची रिळं आणि यजमानांची पक्कड. लाल मुठीची, एका बाजूने मूठ वितळलेली. कधीतरी शेजारच्या मुलीच्या नथीचे मोती ओघळले, ते बाईंनी बसल्या बसल्या ओवून दिले, आणि ते इतके घट्ट बसले की त्या मुलीच्या आईने दुसरी नथ आणली, तिच्या बहिणीने तिसरी. मग बाई स्वतःच करायला लागल्या. उल्हासनगरच्या बाजारातून मोती आणि सोनेरी तार आणायच्या. केसासारखी बारीक तार, पण बोटात धरली की बाईंचं ऐकायची.

"पंख्याची कॉइल काय आणि नथ काय," त्या म्हणायच्या, "सैल तार दोघींना चालत नाही. एक जळते, दुसरी टोचते."

त्यांच्या घरात जे मोडेल ते तारेने बांधलेलं असायचं. चष्म्याची काडी तारेने बांधलेली, दाराची कडी तारेची, तुळशीच्या कुंडीला तडा गेला तर तिला तारेचा कमरपट्टा. स्वतःच्या अंगावर मात्र काळी पोतही ठेवली नव्हती यजमान गेल्यावर, आणि लोक म्हणाले "नुसते मणी तरी घाला", तर म्हणायच्या, "हलवाई काय दिवसभर पेढे खातो?"

मी त्यांच्याकडे का गेले ते विचारू नकोस. तुझे काका रिटायर झाले आणि दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहून मला कांदा कसा चिरावा ते सांगायला लागले. घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं. गेले, बसले, आणि पहिल्याच दिवशी मी केलेली कडी बाईंनी चष्म्यावरून बघितली. कडी म्हणजे तारेचं टोक वळवून जो गोल करतात तो. त्यात पुढचा मणी अडकतो. बाईंनी ती हलवली आणि म्हणाल्या, "तुझा पीळ म्हणजे नवऱ्याला दिलेलं उत्तर आहे. निम्मं दिलं आणि निम्मं पोटात ठेवलं. पूर्ण वळव."

नथ पूर्ण झाली की त्यांची पहिली परीक्षा पदराची. बाई कायम जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी नेसायच्या, ती ह्यासाठीच. झालेली नथ त्या पदरावरून मागून पुढून ओढायच्या. एक धागा जरी अडकला तरी कटर उचलायचा आणि कापायची. समोर नथ करणारी बसलेली असायची, दुपारभर खपलेली, तिच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मोती वाटीत, तार डब्यात. "नवरीच्या गालाला ओरखडा गेला तर तू जाणार आहेस का मलम लावायला?"

दुसरी परीक्षा गिऱ्हाइकाची. नथ न्यायला आलेल्या मुलीने ती नाकात घालून बाईंसमोर बसून कपातून चहा प्यायचा. बशीतून नाही, कपातून. मोती चहात बुडता कामा नये. चहा झाला की बाई कमरेच्या पिशवीतून तपकिरीची डबी काढायच्या. चिमूटभर तपकीर मुलीच्या नाकासमोर.

"अहो बाई, हे काय?" मुलीची आई.

"शिंकू दे तिला. होमाचा धूर काय नाकात अत्तर होऊन जातो? ऐन सप्तपदीत शिंक आली आणि नथ भटजींच्या मांडीवर पडली तर नाव माझं जाईल."

मुली शिंकायच्या. एक कल्याणची मुलगी शिंकता शिंकता इतकी हसायला लागली की तिची आई रागावून दारात जाऊन उभी राहिली. नथ हलली नाही. बाईंनी तेव्हा कुठे मान डोलावली.

आणि म्हणूनच बाई नाक बघितल्याशिवाय काम घ्यायच्या नाहीत. "नाक घेऊन या," एवढंच सांगायच्या. नाकपुडी जाड की पातळ, भोक वर की खाली, वरचा ओठ किती लांब, हे बोट लावून बघायच्या, डॉक्टर पोट दाबतात तसं. लोक चिडायचे. एक बाई म्हणाली, "एवढं काय, खोटीच तर नथ आहे." तिला बाईंनी हाताला धरून दाराबाहेर नेलं आणि म्हणाल्या, "खोटी माणसं असतात. ही तारेची आहे. दुकानात मिळते ती सोन्याची असते. दोन्ही खऱ्याच." आणि दार लावून घेतलं. चांगलं गिऱ्हाईक होतं. मी चिडले होते तेव्हा बाईंवर.

चिकटवणं तर त्यांना चालायचंच नाही. वरच्या मजल्यावरच्या शुभांगीने एकदा ग्लू गन आणली, मोती पटापट चिकटतात म्हणून. बाईंनी ती वायरला धरून उचलली, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तशी, आणि बाहेर जिन्यात नेऊन ठेवली. परत येऊन हात धुतले. शुभांगी दोन दिवस आली नाही.

आता फोटोचं सांगते.

पाडव्याची शोभायात्रा असते ना आमच्याकडे, त्यात बुलेटवर बसून नऊवारीत निघणाऱ्या बायकांचा एक गट होता. त्यांना सगळ्यांना एकसारख्या नथी हव्या होत्या. गटाची पुढारीण शुभांगीच्या ओळखीची. बाई म्हणाल्या, "सगळ्यांना बोलव, नाकं बघते." पुढारीण म्हणाली, अहो सगळ्या नोकरीवाल्या, कोण कुठे कोण कुठे, मी फोटो पाठवते, सगळ्यांना तशीच करा. बाई नाही म्हणाल्या. आम्ही सगळ्या त्यांच्या मागे लागलो. एवढं मोठं काम, सगळ्या डोंबिवलीने बघितलं असतं. बाई दोन दिवस धुमसल्या आणि मग "करा काय करायचं ते" म्हणाल्या. त्याच वेळी तिकडे कल्याणपलीकडे, मोहने गावात, त्यांच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. त्या तिकडे गेल्या आणि आम्ही त्यांच्या घरात बसून नथी करायला घेतल्या.

पुढारणीने पाठवलेला फोटो तिच्या मुलीचा होता, मुलीने स्वतःच मोबाइल समोर धरून काढलेला. तो फोटो उलटा येतो, आरशासारखा. तुला हे माहीत असेल, तुमचा जन्मच त्यात गेला. आम्हाला नव्हतं माहीत. नथ डाव्या नाकपुडीत घालतात, पण फोटोत ती उजव्या नाकपुडीत दिसत होती आणि आम्ही फोटोत दिसतो तसाच मुख्य तारेला बाक दिला. मान खाली घालून काम करणाऱ्या बाईला समोरची वाटी तेवढी दिसते. चहा पाजायला बाई नव्हत्या. नाहीतर एकीने जरी ती नाकाला लावून घोट घेतला असता तरी कळलं असतं. सगळ्या नथी झाल्या, पदरावरून ओढल्या, एकही अडकली नाही. आम्ही खूश. इतक्या सफाईदार नथी आम्ही आयुष्यात केल्या नव्हत्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाई मोहन्याहून आल्या. पायातली चप्पलही काढली नव्हती. ताटातली एक नथ उचलली, मला म्हणाल्या, "इकडे तोंड कर," आणि माझ्या नाकाला लावली. मग मला भिंतीवरच्या आरशासमोर उभं केलं.

तारांची पाठ जगाला आणि मोती माझ्या गालाला. सगळे पीळ, सगळी टोकं, जे आपण मागे लपवतो ते सगळं समोर. एक नाही, झाडून सगळ्या तशाच.

"बाई, कोण बघतंय?" शुभांगी म्हणाली. "बुलेटवर गॉगल लावून बसणार त्या. गर्दी लांबून बघणार. सोनेरी दिसलं की झालं."

"उद्या सकाळी द्यायच्यात बाई," मी म्हणाले. "थोडा बाक उलटा करून बघू या."

"वळलेली तार उलटी वळवली की तिथेच तुटते. हे शिकवलं नव्हतं मी?"

खाली बसल्या. कटर घेतला. आणि एकेक नथ कापायला लागल्या. आम्ही समोर उभ्या. मोती पातेल्यात पडत होते, टप टप. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं, वाटाणे सोलावेत तशा कापत होत्या. शुभांगी रडायला लागली. मी रडले नाही. मी म्हणाले, "बाई, ही आमची मेहनत आहे. तुम्हाला विचारावंसंही वाटलं नाही?" तर म्हणाल्या, "कोणाला विचारू? उद्या रस्त्यात मुली आपलं काम उलटं घालून फिरतील, त्यांना विचारू?"

दुसऱ्या दिवशी त्या गटातल्या बायका बिननथीच्या निघाल्या. फडके रोडवर पुढारणीने आम्हाला गाठलं आणि ती जे काही बोलली ते मी इथे लिहीत नाही, सणाचा दिवस होता. बाई आमच्या पुढे उभ्या राहिल्या, त्याच जुन्या साडीत, आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्यांचं काही नाही. नाक न बघता काम मी घेऊ दिलं. मला बोल." आणि मग त्या बाईचं सगळं बोलणं, एकही शब्द न अडवता, ऐकून घेतलं.

मी आजही म्हणते, कापायला नको होत्या. एखादी तरी ठेवायची, आठवण म्हणून, धडा म्हणून. एकही ठेवली नाही. मी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. मग एका सकाळी त्या वर आल्या, दारातच माझ्या डोळ्यावरचा चष्मा काढून घेतला, त्याचा सैल झालेला स्क्रू काढून तिथे तार भरली, चष्मा परत डोळ्यावर ठेवला आणि खाली निघून गेल्या. तुझे काका म्हणाले, "ही माफी होती का?" मी म्हणाले, "नाही, ही तारच होती." पण दुपारी मी खाली गेले.

तर अशी बाई. जिने कोणाला विचारलं नाही, कोणाला जुमानलं नाही. आता ऐक रांगेत पहिलं कोण आहे ते.

मागच्या वर्षी बाईंच्या बोटाला तार टोचली. तार रोजच टोचते, पण ह्या वेळी बोट सुजलं, पू झाला. बाईंनाही साखर आहे. त्यांचा मुलगा ठाण्याला असतो, घोडबंदर रोडला. तो आला, आईला ॲडमिट केलं, रजा टाकली, खुर्चीत बसून राहिला, सगळं केलं. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी मोकळेपणाने देता आल्या असत्या. बोट वाचलं. आणि मग त्याने आईला तिथूनच ठाण्याला नेलं.

पुढच्या आठवड्यात तो घर आवरायला आला. वाइंडिंग मशीन भंगारवाल्याच्या गाडीवर चढलेलं मी गॅलरीतून बघितलं. धावत खाली गेले. "अरे हे काय करतोस?"

"काकू, आता आईने आराम करायचा. खूप झालं."

"आराम तिने मागितला का?"

"मागणार नाहीच ती. म्हणून तर मी देतोय."

आराम. हा शब्द ऐकला की माझ्या अंगाची आग होते. आपल्याकडे बाईला ऐन उमेदीत कोणी म्हणत नाही, बस जरा. लाटणं हातात असतं, कडेवर पोर असतं, तेव्हा आराम कुठे असतो? आणि म्हातारपणी, जेव्हा तिला स्वतःचं असं एक काम सापडतं, जे कोणी सांगितलेलं नाही, कोणासाठी राबणं नाही, तेव्हा सगळे हात जोडून उभे, आता आराम करा. खुर्ची देतात, टीव्ही लावून देतात आणि हातातलं काढून घेतात.

परवा तुझा फोन आला आणि काल मी ठाण्याला गेले.

खूप वरचा मजला. लिफ्टमधे कानाला दडे बसतात. सून कामावर होती, मुलगा घरूनच काम करतो, आतल्या खोलीत दार लोटून बोलत होता. बाई हॉलमधे खुर्चीत. अंगात गाऊन. मी त्यांना आयुष्यात कधी गाऊनमधे बघितलं नव्हतं. धुवायला सोपा म्हणून सुनेने घेतला, ठीक आहे, पण मला आधी काय जाणवलं सांगू? पदर नाही. काही टोचतंय का ते बघायला पदरच नाही.

"काय करता दिवसभर?" मी विचारलं.

"आराम," बाई म्हणाल्या. दुखण्याचं नाव सांगावं तसं.

तुझं लग्न ठरलं, नथ हवीय, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, टीव्हीकडे बघितलं. मग एकदा आतल्या दाराकडे बघून खुर्चीतल्या उशीखाली हात घातला. ब्रेडच्या पुडीचं तोंड बांधायला ती बोटभर तार येते ना, वर प्लॅस्टिक लावलेली? सुनेला वाटतं त्या तारा हरवतात. बाईंनी वरचं प्लॅस्टिक सोलून, पक्कड नाही, चिमटा नाही, नुसत्या नखांनी त्यांच्या कड्या केल्या होत्या. कडीत कडी, कडीत कडी, अशी वीतभर साखळी. मी ती माझ्या पदरावरून ओढली. मागून पुढून. एक धागा अडकला नाही.

मग मात्र माझा तोल गेला. मुलावर नाही, त्यांच्यावर. "बाई, आमच्या नथी कापल्यात तेव्हा कोणाला विचारलंत? पुढारणीला घाबरला नाहीत, गिऱ्हाइकाला हाताला धरून बाहेर काढलंत. आणि स्वतःच्या पोटच्या पोरासमोर तोंड शिवून बसलात? उशीखाली तार लपवताय, चोरी केल्यासारखी?"

त्यांनी साखळी माझ्या हातातून घेतली. "तो ओरडला असता तर मीही ओरडले असते," म्हणाल्या. "तो ओरडला नाही गं. हॉस्पिटलात माझं बोट धरून बसला होता. दर थोड्या वेळाने पट्टी उचलून बघत होता. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं मला. घाबरलेल्याशी कसं भांडायचं?"

आमचा आवाज ऐकून मुलगा बाहेर आला, कानातलं बोंडूक काढत. "काकू, जरा हळू. ऑफिसचा कॉल चालू आहे."

"चालू असू दे. तुझ्या आईची पक्कड कुठाय?"

"आहे. बाबांची आठवण आहे ती, टाकली नाहीये. किचनच्या ड्रॉवरमधे आहे."

"काय करता तिचं?"

त्याने कानातलं बोंडूक बोटांत फिरवलं. मग म्हणाला, "नळ वगैरे लीक झाला तर."

"ती आईला दे."

"नाही."

"अरे, बोट बरं झालं तिचं."

"ह्या वेळी झालं." त्याचा आवाज बारीक झाला. "तुम्ही बाबांचा पाय बघितला नव्हतात, काकू. मी बघितलेला. एवढीशी जखम होती. आम्ही सगळे म्हणत होतो, होईल बरी. उद्या हिचं बोट गेलं तर?"

"एक बोट उद्या जाईल म्हणून दहाच्या दहा तू आजच काढून घेतलीस."

त्याचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला सोपं आहे. तुम्ही बोलून डोंबिवलीला परत जाल. हिच्या पायाचं, हाताचं, रोज एकेक बोट मी तपासतो. तुम्ही नाही."

हे खरं होतं. आणि समोरचा खरं बोलला की माझा राग कमी होत नाही, वाढतो, तुला माहीत आहे. मी पर्स उचलली. उठता उठता, खरं सांगते, फक्त बाईंना डिवचायला म्हणून बोलले, "जाऊ दे. तसंही मुलगी नाकाचा फोटोच पाठवणार होती."

बाईंनी मान वर केली. सगळ्या दुपारीत त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी आलं. जुना, ओळखीचा, आमच्या बाईंचा राग.

"फोटो?" त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "बघितलंस? हे असं करतात माझ्यामागे. पुन्हा फोटो. अक्कल म्हणून नाही." आणि मला, "मुलीला घेऊन ये. नाक बघते."

"आई," मुलगा म्हणाला.

"बघते म्हटलं. बघायला काय पक्कड लागते?"

तो दाराला धरून उभा राहिला. त्याच्या कानातून काढलेल्या त्या बोंडकातून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"फक्त बघायचं," तो शेवटी म्हणाला.

"फक्त बघायचं," बाई म्हणाल्या, इतक्या गरीबपणे की मला काय ते कळलं. त्यालाही कळलं असणार. रिवाइंडिंगवाल्याचा मुलगा आहे तो, उघडलेली मोटर तशीच टेबलावर ठेवून ह्या घरात कोणी कधी उठलेलं नाही हे त्याला माहीत आहे. तो आत गेला. पण आधी स्वयंपाकघरात गेला. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, मग बंद केल्याचा. पक्कड जागेवर आहे का ते बघितलं, की आणखी काही मनात आलं, मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा हात मोकळे होते.

मला सोडायला बाई लिफ्टपर्यंत आल्या. हाताची बोटं उघडमीट करत म्हणाल्या, "लवकर आण तिला. अजून विसरली नाहीत, पण विसरायला लागलीत. सकाळी कडी वळवताना थांबून आठवावं लागतं." मग गाऊनच्या खिशावर थाप मारली. आत काहीतरी वाजलं. खिशातून टोक दाखवलं, तर तपकिरीची डबी. "औषध आहे म्हणून सांगितलंय," म्हणाल्या आणि लिफ्टचं दार बंद झालं.

तर आता तू ऐक. मला बाकी कोणाचा राग नाही असं नाही. मुलाचा आहे, बाईंचा आहे, भंगारवाल्याचाही आहे. पण तुझा राग मी सोडायला तयार आहे, तू आलीस तर. रविवारी ये. तो घरी असतो, असू दे, त्याच्यासमोरच बसायचंय आपल्याला. सकाळी लवकर निघ, शीळफाट्याला त्या वेळी गाड्या कमी असतात. आधी माझ्याकडे ये, पोहे खा, मग दोघी मिळून ठाण्याला जाऊ. माझी एक जुनी सुती साडी बाईंसाठी काढून ठेवलीय, माझ्याकडून निघताना ती घ्यायची आठवण कर. आणि रुमाल आण, मोठा.

फोटो पाठवू नकोस. ये.